कोंड्यावरची पत्रे

त्या वारुळाला दोन दारे होती आणि त्या दोन दारांमध्ये लढाई चालू होती. एक दार उगवतीकडे होते, दुसरे मावळतीकडे. आत मात्र वारूळ एकच होते. बोगदे एकमेकांत गेलेले, कोठ्या एकमेकींना लागून, आणि राणीही एकच. उगवतीच्या कोठीत जन्मलेली मुंगी मावळतीच्या कोठीत कामाला जाई आणि तिथेच राहून जाई, याचे कुणाला काही वाटत नसे.

भांडण इतकेच होते की, यातले पुढचे दार कोणते आणि मागचे कोणते. पुढच्या दाराने धान्य आत येते आणि मागच्या दाराने कचरा बाहेर जातो, हे सर्वांना मान्य होते. आपल्या दाराने कचरा जावा, हे कुणालाच मान्य नव्हते. दोन्हीकडच्या जाणत्या मुंग्यांनी पुष्कळ दिवस खल केला, आणि जाणत्यांचा खल संपतो तसाच तो संपला. लढायचे ठरले.

ठरल्यावर एक अडचण आली. मुंगी मुंगीला वासाने ओळखते, डोळ्यांवर तिचा फारसा भरवसा नसतो. आणि या वारुळातल्या सगळ्यांना वास एकच येत होता. वैरी ओळखायचा कसा? मग उगवतीच्या जाणत्यांनी आपल्या मुंगळ्यांना निंबोळीचा रस चोळायला लावला आणि मावळतीच्यांनी आपल्यांना रुईचा चीक. दोन दिवसांत वैरी तयार झाला.

उगवतीच्या बाजूला अंड्यांच्या कोठीत चांगुणा नावाची मुंगी काम करी. तिने अंड्यापासून वाढवलेला तिचा पोरगा भिवा अंगापिंडाने दांडगा मुंगळा होता, म्हणून त्याला पहिल्याच तुकडीत घेतले. तो निघाला तेव्हा चांगुणाने त्याला दुसरे काही सांगितले नाही. "लिहीत जा," एवढेच म्हणाली.

मुंग्यांचे लिहिणे सोपे असते. बाजरीच्या कोंड्याची एक पापडी घ्यायची, पोटाशी धरून बसायचे आणि जे सांगायचे ते मनात आणायचे. मनातले वासात उतरते आणि वास कोंड्यात मुरतो. वाचणारी त्यावर मिशा फिरवते, की सगळे जसेच्या तसे कळते. आघाडीकडचे आतले बोगदे लढाई लागताच बुजवले होते, म्हणून धान्य दाराबाहेरून तोंडातोंडी पुढे जाई आणि त्याच रांगेने पत्रे तोंडातोंडी मागे येत. कोंडा कुणाचा हे वासावरून कळे, पण पाठवणाऱ्याला डोळ्यांनी पाहून आलेले असे कुणीच भेटत नसे.

भिवाचे पहिले पत्र आठ दिवसांनी आले. चांगुणाने ते सगळ्या कोठीला वाचून दाखवले.

"आई, मी बरा आहे. खाणे वेळेवर मिळते. आमचा नाईक चांगला आहे, उगाच ओरडत नाही. निंबोळीने अंग खाजायचे, आता सवय झाली. कोठीच्या वरच्या कोपऱ्यात ओल येते, तिकडे अंडी ठेवू नका. दरवर्षी मीच हलवायचो, म्हणून आठवण केली. माझी काळजी करू नकोस."

कोठीतल्या बाया हसल्या. "एवढी लढाई पेटली आन् तुझ्या पोराला ओल दिसतीया," एक जण म्हणाली. चांगुणाही हसली. त्या दिवशी तिने कामे भराभर उरकली. दुसरे पत्र आले, तिसरे आले. त्यांतही असेच काहीबाही होते. कुणाचा तरी पाय मुरगळला, कुणी तरी गुळाचा खडा आणला आणि तो वाटून खाल्ला. लढाईबद्दल भिवाने कधी काही लिहिले नाही. ते कोंड्यावर येऊ नये म्हणून तो लिहायला बसण्याआधी बराच वेळ इकडेतिकडे फिरे, हे त्याच्या तुकडीतल्यांना ठाऊक होते.

पुढे लढाई आडमुळाशी येऊन अडली. झाडाचे एक जाड मूळ मोठ्या बोगद्यात आडवे आले होते आणि त्याच्याखाली एका वेळी एकच मुंगळा जाईल एवढी फट होती. ती फट दोघांनाही हवी होती. रोज सकाळी काही उगवतीचे तिच्यात शिरत आणि काही मावळतीचे. संध्याकाळपर्यंत दोघांचेही थोडे कमी झालेले असत. पडलेल्यांना उचलायला कुणी पुढे झाले, तर समोरच्याला तो हल्ला वाटे. त्यामुळे उचलायचे राहून गेले. दिवस जात गेले तसे मुंगळे मेलेल्यांच्या आडोशाने लढू लागले, त्यांना टेकून जेवू लागले, त्यांच्यातच झोपू लागले.

मेलेल्या मुंगीला तिसऱ्या दिवसापासून एक वास सुटतो. वारुळात त्याला मरणवास म्हणत. भिवाला पहिले काही दिवस तो असह्य झाला, मग नुसता जाणवला, आणि मग जाणवेनासा झाला. तुकडीत सगळ्यांचे तसेच झाले होते. तो अंगावर चढला होता, सांध्यांत उतरला होता. अशाच एका संध्याकाळी भिवाने कोंड्याची पापडी पोटाशी धरली आणि आईला पत्र लिहिले.

उगवतीच्या दारावर साळू बसत असे. आत येणारे प्रत्येक ओझे हुंगायचे हे तिचे काम होते, आणि ते तिच्या आईकडून तिच्याकडे आले होते. तिच्या आईच्या काळात वारुळात बुरशीची साथ आली होती. एका मेलेल्या मुंगीला कुणी तरी मायेने आत ठेवून घेतले आणि तिच्यामागोमाग चार कोठ्या ओस पडल्या. तेव्हापासून नियम झाला. ज्याला मरणवास येतो ते मेलेले. ते दिसते कसे, हलते की नाही, हे बघत बसायचे नाही. त्याला मिशी लावायची नाही, त्याच्याशी बोलायचे नाही. ज्याचे त्याच्या घरच्यांनी येऊन उचलायचे, बाहेरच्या खड्ड्याच्या काठावर ठेवायचे आणि मागे न बघता परत यायचे. हा नियम वाईट नव्हता. त्याच्यामुळेच वारूळ टिकले होते.

साळूने भिवाचा कोंडा हुंगला आणि चांगुणाला बोलावणे धाडले.

"भिवाचं आलंय," ती म्हणाली.

"पत्र आलं?"

"पत्र न्हाई गं." साळूने मान खाली घातली. "भिवाच आलाय. वास बघ. ह्यात मी चुकत न्हाई."

चांगुणाने वास घेतला. मरणवास होता. त्याच्याखाली भिवाचा वासही होता, त्यात तिची फसगत होणे शक्य नव्हते. मग आणखी काय बघायचे? तिने मिशा मागे दुमडल्या आणि ते जबड्यात उचलले.

"किती हलका झालाय गं," ती म्हणाली.

"लढाईत धड खायला कुठलं," साळू म्हणाली.

चांगुणाने तो खड्ड्याच्या काठावर नेऊन ठेवला आणि मागे न बघता परतली. रीतीप्रमाणे तीन दिवस ती दाराशी अंग धूत उभी राहिली. चौथ्या दिवशी साळूने तिला हुंगून आत घेतले. कोठीतल्या बाया तिच्याशी हळू आवाजात बोलत होत्या आणि तिच्या वाटचे काम करून टाकत होत्या. तिला ते नको होते. हात रिकामे राहिले की तिला रडू येई.

नंतर आठ दिवसांनी साळूने पुन्हा बोलावणे धाडले. भिवा पुन्हा आला होता.

चांगुणा गोंधळून गेली. ती जाणत्यांकडे गेली. "त्याला एकदा नेला की मी," ती म्हणाली.

जाणत्यांनी तिला समजावून सांगितले, आणि तेही सौम्यपणे. आडमुळाशी मुंगळा अख्खा हाती लागत नाही, त्या म्हणाल्या. जसा सापडेल तसा येतो. कधी दोनदा, कधी तीनदा. हे ऐकायला भयंकर होते, पण सगळ्यांना पटले. कोठ्याकोठ्यांतून असेच होत होते. कुणाकडे तर पाच-पाच वेळा आले होते.

चांगुणाने मिशा दुमडून दुसरा कोंडा उचलला. वाटेत बरोबर कुणी नव्हते. खड्डा दिसू लागला तशी ती थांबली. आपण काय करतो आहोत हे तिला पुरते कळत होते. तिने एक मिशी सोडली, कोंड्याच्या कडेला क्षणभर लावली आणि चटकन मागे घेतली.

त्या एका क्षणात तिला एकच गोष्ट लागली. "ओल खालच्या बाजूलाही उतरली असेल, तिकडचीही अंडी बघा."

तिने कोंडा काठावर ठेवला. परत येऊन, तीन दिवस धुऊन, ती तडक कोठीच्या खालच्या बाजूला गेली. ओल उतरली होती. अंड्यांची एक रांग खालून भिजायला लागली होती. तिने ती सगळी हलवली आणि मग ती जाणत्यांसमोर जाऊन उभी राहिली.

"त्यानं ओलीचं लिहिलंय. खालच्या बाजूचं. ते मला ठावं नव्हतं."

"पहिल्या पत्रात होतंच की ओलीचं," जाणत्या म्हणाल्या. "तेच तुझ्या मनात राहिलंय, बाई. असं होतं."

त्यांनी तिला रागे भरले नाही. पण तिसऱ्यांदा भिवा आला तेव्हा चांगुणाबरोबर दोघी जणी दिल्या, एक पुढे आणि एक मागे. जाताना तिने साळूला विचारले, "साळूबाई, मेलेला बोलतो का गं?"

"वास बोलतो," साळू म्हणाली. "त्याच्यापल्याड काय न्हाई."

तीनदा आलेला मुंगळा पुरा झाला असे धरत. त्याची झोपायची जागा मोकळी करत आणि त्याचे नाव कोठीतल्या एखाद्या अळीला देत, म्हणजे वारुळातले नाव वाया जात नसे. मात्र नाव आईच्याच तोंडून ठेवावे लागे. जाणत्यांनी एक गुटगुटीत अळी निवडून दिली. चांगुणाने पहिल्यांदा सांगितले की अळीची प्रकृती ठीक नाही. मग सांगितले की माझी नाही. मग काही न सांगता नुसतीच कामाला लागली. भिवाचे नाव दुसऱ्याला दिले की भिवा मेला, आणि आपल्या तोंडाने मेला, एवढे तिला समजत होते. शेवटी जाणत्यांनीच दिवस ठरवला.

आडमुळाशी भिवा उत्तराची वाट बघत होता. आईचे काही आले नाही म्हणून त्याने आणखी लिहिले. पुढच्या पत्रांत तो जास्तच बरा होता. एक पाय गुडघ्यापासून गेला त्या दिवशी त्याने लिहिले की, इथे हवा चांगली आहे. मग एका सकाळी धान्य वाटताना त्याच्या वाटचा दाणा आला नाही.

"तू मेलास असं मागनं कळलंय," नाईक म्हणाला.

"मी हितं उभा हाय की."

नाईकाने त्याला हुंगले. त्या जागी सगळ्यांना जो वास येत होता तोच भिवाला येत होता. "तुझं खरं असंल," नाईक म्हणाला. "पर त्यांनी कळवलंय. उद्याच्याला तुझं नाव कुणाला तरी देणार हायत म्हणं. तू असं कर, जाऊन सांगून ये, जिवंत हाय म्हणून. तवर दाणा मला देता यायचा न्हाई."

भिवा पाच पायांवर निघाला. नाव जायच्या आत पोचायचे म्हणून तो वाटेत कुठे टेकला नाही. दार जवळ आले तेव्हा मात्र एका खड्याआड थांबून त्याने अंग चाटून साफ केले. आईसमोर जायचे होते. आपल्याला काही वास येत असेल, हे त्याच्या गावीही नव्हते. वरवरचा निघाला. सांध्यांतला तसाच राहिला.

दारात साळू होती. लहानपणी हिच्या पाठीवर चढून तो खेळला होता.

"साळूमावशी, भिवा हाय मी. चालत आलोय," तो म्हणाला.

पण मिशा दुमडलेल्या मुंगीला कुणाचे बोलणे पोचत नाही, आणि साळूने मिशा केव्हाच दुमडल्या होत्या. तिच्यासमोर काही तरी हलत होते. ते बघायचे नसते हे तिला आईने शिकवले होते. तिने आत वर्दी दिली. "चांगुणाला बोलवा. भिवाचं उरलेलं आलंय."

आत नाव ठेवण्याची तयारी झाली होती. अळीला चाटून-पुसून मधोमध ठेवले होते आणि जाणत्या गोल करून उभ्या होत्या. वर्दी ऐकून त्या म्हणाल्या, "आधी ते उरकून ये. मग दारातूनच नाव ठेव, धुणं नंतर."

चांगुणा दाराशी आली. भिवाने तिला पाहिले आणि तो दोन्ही मिशा पुढे करून तिच्याकडे धावला, म्हणजे पाच पायांवर जमेल तसा. चांगुणाने आपल्या मिशा दुमडून घेतल्या. चार जणी बघत होत्या. तिने त्याला मधोमध जबड्यात धरले आणि उचलले.

भिवाने पाय झाडले. चांगुणाच्या जबड्यात त्याचे काळीज धडधडत होते, आणि ओझे एका मुंगळ्याचे होते. ती थांबली नाही. थांबली असती तर बरोबर दोघी जणी दिल्या असत्या, हे तिला माहीत होते. ती नेहमीच्या चालीने दारातून बाहेर पडली. थोडे गेल्यावर भिवाचे पाय आपोआप पोटाशी दुमडले गेले आणि तो गोळा होऊन गप्प झाला. आईने अळीला उचलले की अळी अशी गप्प होते. अंगाला ते आठवत असते, त्याला विचारावे लागत नाही.

खड्ड्याच्या काठावर तिने त्याला खाली ठेवले. आता मागे न बघता परतायचे होते. चांगुणा उभी राहिली. मग तिने दोन्ही मिशा सोडल्या आणि त्याच्या तोंडावरून, मानेवरून, तुटक्या पायावरून फिरवल्या, एकही जागा न सोडता.

"एक पाय गेला, आई," भिवा म्हणाला. "बाकी बरा हाय."

"तीनदा केलं रे मी तुझं," चांगुणा म्हणाली. "बोलला का न्हाईस?"

"समदं लिवलं की."

ती त्याच्याजवळ खाली बसली. भिवा तिला म्हणाला, "तू जा आता. माझा वास लागला तुला. तीन दिस धुऊन घे, साळूमावशी घेईल आत."

"परत गेले तर नाव ठेवावं लागंल," चांगुणा म्हणाली. "माझ्याच तोंडानं ठेवायचंय. मी न्हाई जायची."

तेव्हा खड्ड्यातून कुणी तरी वर चढून आले. तो एक मुंगळा होता. त्याला मरणवास येत होता आणि त्याच्याखाली रुईचा चीकही. भिवा अंग फुगवून उभा राहिला. मुंगळ्याने मिशा खाली ठेवल्या.

"मावळतीचा कोंडिबा मी," तो म्हणाला. "आमच्यातली पन हितंच आणून टाकत्यात. मला बापानं आणला." त्याने तोंडातले दोन कोंडे चांगुणापुढे ठेवले. "ही पत्रं तुमचीच असतील. वाचली मी. हितं दुसरं काय नव्हतं वाचाया. मला वाटलेलं, तुमच्याकडं काय तरी येगळंच लिवत असतील." त्याने एका कोंड्यावरून मिशी फिरवली. "मी पन आईला हेच लिवायचो."

चांगुणाने कोंडे घेतले. तिने पहिल्यावर मिशा टेकवल्या आणि ती वाचू लागली. वाचता वाचता तिने खड्ड्यात पाहिले. काठावर ठेवून परतणाऱ्या कुणीच आजवर तिकडे पाहिले नव्हते. कोंड्यांच्या पापड्या थरावर थर पडल्या होत्या, शेकड्यांनी. त्यांच्यामध्ये, त्यांच्यावर, त्यांच्याखाली मुंगळे होते. कुणी आपला उरलेला पाय चाटत होता. कुणी शेजारच्याची पाठ साफ करून देत होता. कुणी दुसऱ्याच कुणाचे पत्र पोटाशी धरून बसला होता. कुठला निंबोळीचा आणि कुठला रुईचा, हे इथून कळत नव्हते.

आत जाणत्या खोळंबल्या होत्या. अळी चुळबुळ करत होती. एकीने दारात येऊन साळूला म्हटले, चांगुणा अजून का आली नाही, जरा बघ.

साळू दाराबाहेर दोन पावले आली. लांबवर खड्डा होता. नजर अधू, तरी तिला दिसले. आधी काठ हलल्यासारखा झाला, मग सगळा ढीगच या टोकापासून त्या टोकापर्यंत हलू लागला. साळू बराच वेळ बघत राहिली. मग तिने मिशा घट्ट मागे दुमडल्या आणि ती आपल्या जागेवर परत येऊन बसली.

"वारं सुटलंय," ती म्हणाली.

वर झाडाचे एक पानही हलत नव्हते.